मांडीवरचे ऋतू

आमच्या पिढीच्या घरांत लहान मुलांची पुस्तकं फार नव्हती; चित्रं मात्र होती, आणि ती ऋतू पाहून घरात यायची. दिव्यांची अवस झाली की आई बाजारातून जिवतीचा कागद आणायची. तो पट देवघराशेजारच्या भिंतीला खळीने चिकटवला जायचा. वर खांब फोडून निघालेला नरसिंह, शेजारी कालियाच्या फण्यावर उभा कृष्ण, मधे अंगाखांद्यावर मुलं घेतलेल्या जिवत्या, आणि खाली हत्तीवर नि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. श्रावणातल्या शुक्रवारी पटाला आघाडा-दूर्वांची माळ आणि कापसाचं वस्त्र चढायचं, आम्हाला पाटावर बसवून ओवाळलं जायचं, हातावर चणे-गूळ पडायचे. वाघ वर बसलेल्याला खात का नाही, हा प्रश्न घरातलं एक तरी पोर दरवर्षी विचारायचं आणि आजी दरवर्षी वेगळं उत्तर द्यायची. एका वर्षी वाघाचं पोट भरलेलं होतं, दुसऱ्या वर्षी त्याचा उपास होता.

चैत्रात हेच सगळं जमिनीवर उतरायचं. तुळशीवृंदावनासमोर सारवलेल्या जागेवर आत्या नाहीतर काकू चैत्रांगण काढायची. गौरीचं देऊळ, सूर्य-चंद्र, गोपद्मं, कासव, नाग, मोर, फणी-करंडा, आंब्याचं झाड. ठिपके न मोजता, हाताच्या सवयीने. आम्ही उकिडवे बसून पाहायचो. चिमटीतून पांढरी ओळ सुटत असताना आत्या तोंडाने एकेक नाव घ्यायची, आणि मधेच थांबून विचारायची, "आता कोण राहिलं रे?" कुणीतरी ओरडायचं, "कासव!" दुसऱ्या दिवशी सडा पडला की पान पुसलं जायचं आणि पुन्हा नव्याने काढलं जायचं. तीच चित्रं महिनाभर रोज पाहूनही आम्हाला कंटाळा आल्याचं आठवत नाही. समोर कैरीची डाळ आणि पन्हं असायचं, हे त्याचं एक कारण असेलही.

आणि मग पत्री. मंगळागौर, हरताळका, गणपती, सगळ्यांना पानं लागायची आणि ती आणायचं काम मुलांचं. परड्या घेऊन आम्ही आळीभर हिंडायचो. आघाडा कुंपणाशी, माका ओलीच्या जागी, रुई उकिरड्याच्या कडेला, शमी एकाच वाड्यात आणि तिथल्या आजोबांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. धोतऱ्याचं फळ तोंडात घालायचं नाही. डोरलीचे काटे बोटात मोडायचे. गणपतीच्या एकवीस पत्रींपैकी देवदार कुणालाच मिळायचा नाही, त्याच्याऐवजी दूर्वा वाहिली जायची. वनस्पतिशास्त्र असं आम्हाला कुणी शिकवत नव्हतं. पण सात-आठ वर्षांच्या पोरांना वीसेक झाडं पानावरून ओळखू यायची, आणि कोणतं कोणत्या महिन्यात जोरात असतं हेही ठाऊक असायचं.

हे इतक्या विस्ताराने सांगण्याचं कारण असं, की आता आम्ही आजी-आजोबा झालो आहोत आणि नातवंडांना बागांची, ऋतूंची फार देखणी चित्रपुस्तकं मिळतात. ती उघडून बसलं की वाटतं, यातलं निम्मं आमच्याकडे होतं. समोर चित्र, कुणाच्या तरी तोंडून त्याची गोष्ट, आणि उठून गेलं की चार पावलांवर ती झाडं. तिन्ही गोष्टी एकाच घरात होत्या. नव्हतं ते फक्त पुस्तक.

छापील अक्षरं आली ती शाळेबरोबर. बालभारतीची पाठ्यपुस्तकं होतीच. पावसाच्या धड्यावर छत्री आणि बेडूक, थंडीच्या कवितेवर शेकोटी, अशी छोटी चित्रं असायची. बालकवींच्या कविता त्या पुस्तकांतूनच भेटल्या. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात ज्या पोरसवदा कवीचं कौतुक झालं तो पुढे सत्तावीस वर्षांचाच होऊन गेला, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर त्याचा श्रावण पाठ झाला होता. तो पाठ करून घेण्यात गुरुजींची छडी होती हे खरं, पण घरी आई भाजी निवडताना तीच कविता चालीवर म्हणायची तेव्हा ती वेगळीच वाटायची. १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीने 'किशोर' मासिक सुरू केलं आणि रंगीत मुखपृष्ठ दर महिन्याला घरी येऊ लागलं. 'चांदोबा' १९५२ पासून होताच, पण त्याच्यात राजे, वेताळ आणि अरण्यं. अंगणातली कर्दळ त्याच्यात नव्हती.

विंदा करंदीकरांचं 'राणीची बाग' १९६१ सालचं. मुंबईच्या मुलांना ती बाग भायखळ्याला खरीखुरी पाहता यायची, बाकीच्यांना पुस्तकातून. मे महिन्यात मुंबईच्या मामाकडे गेलेली भावंडं परत आली की राणीच्या बागेइतकंच मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमधल्या म्हातारीच्या बुटाचं वर्णन करायची. इंग्रजी बालगीतातल्या बुटात राहणाऱ्या म्हातारीवरून तो बूट बांधलेला आहे, हे त्या वयात कुणाला माहीत असणार! पुण्याच्या भावंडांकडे पेशवे पार्कातली 'फुलराणी' होती, १९५६ पासून धावणारी छोटी आगगाडी. कवितेतली फुलराणी आणि रुळावरची फुलराणी एकच आहे असं आमच्यातल्या पुष्कळांना बरीच वर्षं वाटत होतं.

आणि मग रशियन पुस्तकं आली.

ज्यांचं बालपण सत्तरच्या दशकात गेलं त्यांना यापुढचं सांगायची गरज नाही. शाळेच्या सभागृहात, वाचनालयाच्या पडवीत, कधी एस. टी. स्टँडजवळच्या मैदानात प्रदर्शन लागायचं. लोकवाङ्मय गृहाने ही सोव्हिएत पुस्तकं गावोगाव नेली. मॉस्कोतच मराठीत भाषांतरित होऊन छापून आलेली. अनिल हवालदार हे नाव आम्ही लेखकाच्या नावाखाली इतक्यांदा वाचलं की ते घरातल्या कुणाचंसं वाटायचं. पुस्तकं जाड कागदाची, मोठ्या आकाराची, आणि किंमत इतकी थोडी की कधी मुलांसाठी पुस्तक विकत न घेतलेले वडीलसुद्धा खिशात हात घालायचे. "एवढं मोठं पुस्तक, एवढ्याला?" असं म्हणत आमच्या अण्णांनी तीन घेतली होती. घरी आल्यावर त्यांनी ती स्वतः वाचली, आम्हाला नंतर मिळाली.

त्या पानांवर बर्फ होता. पांढऱ्या खोडांची झाडं, त्यांच्यामधून जाणारी घसरगाडी, कानटोपी घातलेली गुबगुबीत मुलं, हिवाळ्यात झोपी जाणारं अस्वल. मग पान उलटलं की बर्फ वितळायचा, ओढे वाहायचे, हिरवा कोंब वर यायचा. पुढे पावसानंतर उगवलेल्या अळिंब्या, टोपली घेऊन रानात निघालेली आजी-नातवंडं, आणि सोनेरी पानांचा सडा. चार ऋतू, चारही वेगळ्या रंगांचे. साताऱ्याच्या वाड्यात घोंगडीवर पालथं पडून आम्ही तो बर्फ पाहायचो तेव्हा बाहेर वैशाख असायचा. चुलत बहीण पानावर गाल टेकवून म्हणायची, गार लागतंय. आम्हीही मग एकेक करून गाल टेकवायचो आणि खरंच गार लागायचं.

विताली बिआंकी या रशियन लेखकाने १९२८ साली एक अफलातून पुस्तक केलं होतं. रानाचं वर्तमानपत्र. कोणत्या ऋतूत कोणता पक्षी आला, कुणी घरटं बांधलं, कुणाची पिल्लं उडाली, या सगळ्या बातम्या. आमच्या हाती ते पुस्तक मोठेपणी लागलं, पण त्याच्या नात्यातली कितीतरी छोटी पुस्तकं लहानपणी पाहिली होती. परक्या देशातल्या त्या ऋतूंनी आमचं काही बिघडवलं का? मोठी माणसं त्या काळीही कुरकुरायची, की पोरांना बर्फ माहीत आणि बाजरीचं कणीस माहीत नाही. अनुभव उलटा आहे. बर्फ कसा वितळतो ते पानोपानी पाहिलेल्या मुलांनीच मग वाड्यातल्या पिंपळाला तांबूस पालवी कधी फुटते याची वहीत नोंद ठेवायला सुरुवात केली. वहीचं नाव अर्थातच 'वाड्याचं वर्तमान'. त्यात "आज मृगाचे किडे दिसले, लाल मखमली" अशी बातमी असायची आणि खाली सही असायची. चित्रात पाहण्याची सवय लागली की डोळे बाहेरही थांबायला शिकतात. चित्र कुठल्या देशातलं आहे, याने फारसं अडत नाही.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि पुस्तकं यायची थांबली. ज्यांच्याकडे ती उरली त्यांनी ती जपली. या पुस्तकांच्या आठवणींवर 'धुक्यात हरवलेले लाल तारे' नावाचा माहितीपटही मराठीत झाला. तो पाहताना आमच्या वयाची माणसं पडद्यावरची मुखपृष्ठं ओळखून एकमेकांना कोपराने ढोसत होती.

ती पुस्तकं यायची थांबली तोवर आम्ही आई-बाप झालो होतो. वाड्यांच्या इमारती झाल्या होत्या आणि आम्ही डोंबिवली, ठाणे, कोथरूड, चिंचवड अशा ठिकाणी दोन खोल्यांत राहायला आलो होतो. अंगण गेलं, गॅलरी आली; गॅलरीत तुळस, कोरफड, गवती चहा आणि लोखंडी जाळीवर वाळत घातलेले कपडे. जिवतीचा कागद सासूबाई होत्या तोवर लागला, पुढे कुठे लागला कुठे नाही. चैत्रांगणाचे स्टिकर मिळू लागले. पत्री मंडईत वाटा करून विकत मिळू लागली, वीसातली आठ पानं एकाच झाडाची.

म्हणजे चित्र आणि झाड एकाच घरात असण्याची सोय आमच्या मुलांना राहिली नाही. पुस्तकांची मात्र झाली. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका तेव्हा सगळीकडे मिळायची. चित्रं तीच ठेवून मजकूर वेगवेगळ्या भारतीय भाषांत छापायचा, त्यामुळे रंगीत असूनही स्वस्त. शंकर पिल्लै यांनी १९५७ मध्ये दिल्लीत काढलेल्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची पुस्तकं होती. मिकी पटेल, पुलक बिश्वास, जगदीश जोशी या चित्रकारांची नावं आम्हाला मुलांच्या पुस्तकांनी शिकवली. आपल्याकडचे पक्षी, आपल्याकडची झाडं, आपल्याकडचा पाऊस त्यांत होता.

ती वाचायची वेळ म्हणजे रात्रीची. लोकलमधून उतरून, भाजी घेऊन, कुकर लावून, ओटा पुसून झाला की मूल पुस्तक घेऊन अंथरुणावर तयारच असायचं. नेहमीचंच पुस्तक. झोप आमच्या डोळ्यांवर असायची, त्याच्या नाही. दोन पानं एकदम उलटायचा प्रयत्न प्रत्येक आईने केला आहे आणि प्रत्येक मुलाने तो पकडला आहे. "आई, मुंगी राहिली." मुंगी राहिलेली असायची खरी, चित्राच्या कोपऱ्यात, पानाच्या देठावर. मजकुरात तिचा उल्लेखही नसायचा. मुलं अक्षरांच्या आधी चित्र वाचतात, आणि आपण अक्षरांच्या मागे धावत असल्यामुळे आपल्याला ती मुंगी दिसत नाही, हे त्या रात्रींनी शिकवलं.

त्याच काळात एक गोष्ट पुस्तकांच्या आड आली. केजीच्या प्रवेशाला मुलाखती सुरू झाल्या. रंग सांगा, आकार सांगा, फळाचं नाव इंग्रजीत सांगा. चित्रपुस्तक मग त्या तयारीच्या कामाला जुंपलं गेलं. "हे काय आहे? कोणता कलर? किती बटरफ्लाय आहेत?" घराघरांतून असे आवाज यायचे. बागेवरच्या कवितेसारख्या पुस्तकाची याने पार वाट लागते. अशा पुस्तकात एका पानावर चार-सहा शब्द असतात आणि बाकीचं सगळं चित्रात असतं. त्या शब्दांनंतर जी शांतता असते तिच्यात मूल चित्रात शिरतं. तिथे प्रश्न विचारला की ते लगेच बाहेर येतं, उत्तर देतं, आणि पान उलटून मोकळं होतं. प्रश्न मुलाने विचारायचे असतात. आत्यासुद्धा विचारायची, पण "कोण राहिलं?" असं, तिला परीक्षा घ्यायची नव्हती, पुढचं चित्र काढायचं होतं.

आमच्या कपाटात दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' होतं, १९५६ सालचं. चैत्रापासून एकेक महिना घेऊन त्यातली झाडं, फुलं, आकाश, वारा यांचं इतकं बारकाईने पाहिलेलं वर्णन मराठीत दुसरं नाही. ते मोठ्यांचं पुस्तक. मुलांना झोपवून झाल्यावर आम्ही त्यातली पानं वाचायचो आणि वाटायचं, याचं धाकटं भावंड कुणी का केलं नाही? एकेका महिन्याचं एक पान, भरपूर चित्र, थोडे शब्द. फाल्गुनातला पळस आणि काटेसावर, वैशाखातला बहावा, पावसाळ्याच्या सुरुवातीची ती मखमली किड्यांची धांदल, भाद्रपदातला तेरडा, आश्विनात पहाटे अंगणभर पडलेला पारिजातक. आपले ऋतू चार रंगांत मावत नाहीत, त्यांना जास्त पानं लागली असती एवढंच.

खरं तर मुलांच्या बाबतीत हे पाहणारी माणसं आपल्याकडे होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली तेव्हा महागडी मॉन्टेसरी साधनं बाजूला ठेवून पानं, बिया, शंख-शिंपले, दगड हीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. मोजायला चिंचोके, रंग पाहायला पानं. तिथल्या मुलांना ऋतू पुस्तकातून दाखवण्याची गरज नव्हती. पण शहरातल्या आमच्या मुलांना दोन्ही हवं होतं, पुस्तकही आणि पानही, आणि त्यातलं पान मिळवणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं.

मराठी चित्रपुस्तकाला घरातला सूर मिळाला तो माधुरी पुरंदरे यांच्यामुळे. चित्रंही त्यांची आणि शब्दही त्यांचे. 'राधाचं घर' मधली माणसं आपल्या ओळखीची, त्यांची भांडी आपल्या ओट्यावरची, त्यांचं बोलणं आपल्या घरातलं. कुठेही शिकवणं नाही, दटावणं नाही. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या पिढीतल्या पुष्कळांना घरातल्या कुणाला मिळाल्यासारखा आनंद झाला. फक्त आमची मुलं तोवर मोठी झाली होती. ती पुस्तकं आम्ही तरीही घेतली. नातवंडांसाठी, असं म्हणत घेतली आणि आधी स्वतः वाचली. अण्णांचं वळण.

नातवंडं झाली ती अर्धी इथे आणि अर्धी तिकडे. आमच्या पिढीतल्या आजी-आजोबांच्या पासपोर्टवर जे शिक्के आहेत ते बहुतेक बाळंतपणांचे आहेत. सहा महिने न्यू जर्सी, नाहीतर शिकागो, नाहीतर डॅलस. तिथे गेल्यावर पहिला आधार सापडतो तो सार्वजनिक वाचनालयाचा. बाबागाडी ढकलत तिथे जायचं, गालिच्यावर बसायचं. लहान मुलांची चित्रपुस्तकं हाताला येतील अशा बुटक्या मांडणीत ठेवलेली, आणि एका वेळी पिशवीभर घरी नेता येतात. फुकट! हे ऐकून इथल्या आमच्या वाचनालयाच्या सेक्रेटरींचा विश्वास बसला नव्हता.

तिथेच आम्हाला एझ्रा जॅक कीट्सचं १९६२ सालचं बर्फाचं पुस्तक भेटलं. लाल डगला घातलेला छोटा पीटर बर्फात दिवसभर खेळतो, बर्फाचा एक गोळा उद्यासाठी खिशात ठेवतो, आणि घरी गेल्यावर खिसा नुसता ओला लागतो. नातवाला हे वाचून दाखवताना आमच्यातल्या कुणाला वळवाच्या पावसातल्या गारा आठवल्या नसतील? फ्रॉकच्या ओच्यात वेचून आईला दाखवायला न्यायच्या आणि स्वयंपाकघरात पोचेतो ओचा नुसता ओला. नातवाला गारा माहीत नव्हत्या. खिडकीबाहेर बर्फ मात्र होता.

लोइस एलर्टच्या १९८८ सालच्या पुस्तकात आई आणि मूल मिळून बागेत इंद्रधनुष्य लावतात. थंडीआधी कंद पुरायचे, वसंतात बिया पेरायच्या, आणि मग एकेका रंगाची फुलं, एकेका रंगाचं पान. ज्युली फोग्लियानोच्या पुस्तकात एक मुलगा नि त्याचा कुत्रा तपकिरी जमिनीकडे पाहत बसतात. सगळं तपकिरी. बी पेरलंय, आता वाट पाहायची. पुस्तकाचा बहुतेक भाग वाट पाहण्यातच जातो आणि शेवटी एक दिवस हिरवं. त्या पुस्तकात घडत काहीच नाही म्हणायचं, पण नातू पानावर बोट ठेवून "अजून नाही" म्हणतो आणि पुढच्या पानाला श्वास रोखतो. हे सगळं मराठीत सांगताना तोंडाला आपोआप एक लय येते. शब्दाला शब्द लावायच्या फंदात पडायचं नाही. चित्राकडे पाहून, आई भाजी निवडताना ज्या सुरात म्हणायची त्या सुरात बोलायचं. मुलाला ते पुस्तक मग आजीच्या मराठीतच हवं असतं. आईने इंग्रजीत वाचलं तर "असं नाही, आजीसारखं" म्हणतो.

गंमत अशी की आमचं सगळं उलटं झालं. आम्हाला पारिजातक अंगणात होता आणि बर्फ पुस्तकात. त्याला बर्फ अंगणात आहे आणि पारिजातक पुस्तकात. इथून जाताना नेलेल्या मराठी पुस्तकातला मोहोर तो तसाच पाहतो जसा आम्ही रशियन बर्फ पाहायचो. त्याने नाक लावून पान हुंगलं तेव्हा त्याच्या आईने हसून फोटो काढला. आम्हाला चुलत बहिणीचा टेकलेला गाल आठवला.

आणि इथली नातवंडं? त्यांच्या घराला लिफ्ट आहे, आणि गुलमोहर त्यांना वरून दिसतो, म्हणजे फक्त लाल शेंडा. पुस्तकांची ददात नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर सुरू केल्यापासून मराठी चित्रगोष्टी फोनवर फुकट मिळतात. तुलिकासारख्या चेन्नईच्या प्रकाशनाची पुस्तकं मराठीत येतात. 'किशोर'चे जुने अंकही आता संगणकावर उघडता येतात. आमच्या लहानपणची मुखपृष्ठं नातीला दाखवता येतात आणि ती विनम्रपणे पाहूनही घेते. कमतरता आहे ती संध्याकाळी पाऊण तास रिकाम्या असलेल्या मोठ्या माणसाची.

दुसरी एक अडचण नवी आहे. पुस्तकातले ऋतू आणि खिडकीतले ऋतू यांचं जमेनासं झालं आहे. पुस्तकात पाऊस आश्विनात थांबतो, बाहेर कधी कधी आकाशकंदील भिजतो. ही केवळ म्हाताऱ्यांची तक्रार नव्हे. २०२० मध्ये हवामान खात्यानेच मोसमी पाऊस परतण्याच्या सर्वसाधारण तारखा पुढे सरकवल्या. वायव्य राजस्थानातून पाऊस परतायला लागण्याची तारीख १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर झाली. नातीने पुस्तक समोर धरून विचारलं, "मग हे चुकीचं लिहिलंय का?" चुकीचं नाही, जुनं आहे, असं सांगितलं. ती आता कोपऱ्यात पेन्सिलीने स्वतःची तारीख घालते. पुस्तकावर लिहू नये हा आमचा संस्कार, पण इथे तिला कुणी अडवत नाही. ती वाड्याचं वर्तमानच लिहिते आहे.

इतक्या वर्षांत मुलांच्या तीन पिढ्या पाहून आमच्या वयाच्या माणसांना काही गोष्टी कळल्या आहेत, त्या सांगून टाकाव्यात. लहान मुलाला बागेचं पुस्तक वाचून दाखवताना घाई करू नये. एका बैठकीत एकच पुस्तक पुरतं, आणि तेच उद्या पुन्हा मागितलं तर तेच घ्यावं. मजकूर वाचून झाला की पान लगेच उलटू नये, मूल उलटेल तेव्हा उलटू द्यावं. नावं सांगावीत, ती पाठ झाली का हे तपासू नये. शब्द अवघड वाटला म्हणून गाळू नये. बहावा, शेवंती, निशिगंध हे शब्द तीन वर्षांच्या मुलाला जड जात नाहीत, ते त्याला डायनोसॉरच्या नावांपेक्षा सोपेच आहेत. आणि पुस्तक मिटल्यावर त्यातली एक तरी वस्तू मुलाच्या हातात पडेल असं पाहावं. बाग नसली तरी मेथीचे दाणे प्रत्येक घरात असतात. ओल्या मातीत पेरले की चार-पाच दिवसांत वर येतात, आणि "अजून नाही" म्हणत वाट पाहण्याची सोय गॅलरीतल्या कुंडीत होते. मंडईत गेलं की शेवंतीचा गजरा घ्यावा आणि मुलाला हुंगू द्यावा. सोसायटीतल्या झाडाखाली पडलेली शेंग खिशात घालून आणू द्यावी, धुण्यात सापडली तरी.

पुस्तक देशी की परदेशी, मराठी की इंग्रजी, कागदाचं की फोनवरचं, यावर आमच्या पिढीने पुष्कळ वाद घातले. त्यातून एवढंच हाती आलं, की चांगलं पुस्तक कुठलंही असो, ते कुणीतरी जवळ बसून वाचून दाखवलं तरच लहान मुलाचं होतं. आमची आजी निरक्षर होती आणि तिने एका कागदावरच्या वाघावर आमचं सगळं बालपण निभावून नेलं.

तेव्हा आमच्या वयाच्या वाचकांना एक विनंती आहे. नातवंडाच्या वाढदिवसाला ऋतूंचं एखादं चित्रपुस्तक घ्या, पण ते कुरियरने पाठवून मोकळे होऊ नका. गावात असाल तर जाऊन वाचून दाखवा; परगावी असाल तर एक प्रत त्यांच्याकडे आणि एक आपल्याकडे ठेवून रविवारी फोनवर एकत्र पानं उलटा. पुस्तकं भेट देणारे पुष्कळ आहेत, वाचून दाखवणारे कमी पडतात. तेवढं काम आपल्याला अजून सहज जमण्यासारखं आहे.